टाकीची जागा

एका सकाळी जिव्या नागलीच्या माळावर गेला, तर बांधापासून पार नदीच्या उतारापर्यंत लाल रंग फासलेल्या खुंट्या ठोकलेल्या. कुणी सांगितलं नव्हतं, विचारलंही नव्हतं. आत्याच्या गावात अशाच खुंट्या आल्या होत्या. धरणाचं पाणी तुमच्यासाठीच, असं तेव्हाचे साहेब म्हणाले होते. गाव बुडालं, पाणी शहराकडे गेलं आणि आत्या मरेपर्यंत दुसऱ्याच्या ओटीवर राहिली.

जिव्याने हाताला लागल्या तेवढ्या खुंट्या उपटल्या.

त्याची मुलगी उज्ज्वला जव्हारला शाळेत शिकवायची. खबर कळली तशी ती जीप धरून पाड्यावर आली, ती तणतणतच. “बा, सौरपंपाची योजना आहे ती! नदीचं पाणी वर टाकीत चढणार, तिथून आपल्याकडे येणार. आई उन्हाळाभर दरीत उतरते, ते दिसत नाही तुला?”

“मला दिसतं. त्यांना आताच कसं दिसलं?”

ती चिडली, पण त्याच्यासोबत मोखाड्याला गेली. योजनेच्या साहेबांनी चहा मागवला. जिव्याने कपाला हात लावला नाही.

“टाकी कुठं बांधनार, तेवढं सांगा.”

“ते ठेकेदाराचा इंजिनिअर बघतो.”

“मग त्याला पाड्यावर धाडा. सगळ्यांसमोर सांगू दे.”

इंजिनिअर आला. सगळा पाडा त्याच्या मागे चालू लागला. तो उतरत उतरत खाली सडकेजवळच्या सपाटीवर थांबला आणि टाकी इथं, म्हणाला. पलीकडे कुण्या शहरवाल्याने नुकतंच तारेचं कुंपण घातलं होतं. आत बंगल्यांचे पाये खणले होते.

जिव्याची बायको कोंडी पुढे झाली. “हितनं पानी पाड्यावर कसं चढनार, दादा?”

इंजिनिअरने नकाशा उलटसुलट केला, कुणाला तरी फोन लावला. मग म्हणाला, “खुणेत चूक झालीय. टाकी वर टेकडीवरच होती.”

“मग वरच बांधा,” कोंडी म्हणाली. “आमी बसतो समोर.”

आणि बसलेच. काम संपेपर्यंत पाड्यातलं कुणी ना कुणी टेकडीवर असायचंच. ऐन चैत्रात नळाला पाणी आलं. कोंडीने हंडा भरला, उंबऱ्यावर टेकली आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली.

“खरंच चूक असेल, बा,” उज्ज्वला म्हणाली.

“असंल. पन चूक त्यांच्याच सोयीची कशी झाली?”

पाणी अजून येतं. जिव्या ते पितो. पण मधूनच तो नदीपर्यंत पाइपाच्या कडेकडेने उतरतो. कुंपणाच्या बाजूला कुठे माती नव्याने उकरलीय का, ते वाकून बघतो.