मानसपूजेतलं पाद्य

कॅनडातल्या रेजिना शहरातल्या आमच्या डॉक्टरांनी हिवाळ्याच्या तोंडाशी मला मोजे काढून डोळे मिटायला सांगितलं. ते नायलॉनचा एक बारीक धागा तळपायाला ठिकठिकाणी टेकवणार होते आणि टेकला की मी "हो" म्हणायचं होतं. मी डोळे मिटून वाट बघत बसलो. बराच वेळ काही झालं नाही म्हणून डोळे उघडले, तर त्यांचं टेकवून झालंही होतं. मधुमेह माझ्या सोबतीला किती तरी वर्षं आहे. त्याच्याशी माझं बऱ्यापैकी जमलं आहे असं मी समजत होतो, पण पायांतली जाणीव कधी निघून गेली याचा मला पत्ताच नव्हता. डॉक्टर म्हणाले, आता जखम झाली तरी दुखणार नाही, ती डोळ्यांनीच शोधावी लागेल, तेव्हा रोज तळपाय बघत जा. मी मान डोलावली. माझ्या डोळ्यांसमोर मात्र वडील होते. त्यांना हाच आजार होता. चपलेचा एक खिळा वर आलेला त्यांना कळला नाही आणि शेवटी उजवा पाय घोट्याच्या वर कापावा लागला.

आमच्या घरी दत्ताची उपासना आहे. कॅनडाला निघताना आईने चांदीच्या पादुका माझ्या हातात ठेवल्या होत्या. तेव्हापासून दर गुरुवारी त्यांना स्नान घालायचं, मऊ फडक्याने पुसायचं, अष्टगंध लावायचं, हा नेम मी बर्फवादळातही चुकवला नाही. डॉक्टरांकडून आल्यावर पूजा चालू राहिली, पण मन उडालं. पादुका पुसताना मनात यायचं, महाराज, जन्मभर तुमचे पाय धरले आणि तुम्ही नेमके माझेच पाय मागितलेत? असं देवाशी बोलू नये हे मला कळत होतं. तरी मी बोलत होतो. रोज तळपाय बघणंही मला जमेना. आरसा हातात घेतला की वडिलांचं अंथरूण आठवायचं. माझी बायको एकदा म्हणालीसुद्धा, "अहो, देवाचे पाय इतके निरखून पुसता, मग स्वतःचे बघायला काय होतं? इकडे करा, मी बघते." मी पाय आखडून घेतले आणि विषय बदलला.

तिला फार वर्षांपासून युरोप बघायचं होतं. जुने दगडी रस्ते, चर्चचे मनोरे, त्यावर भुरभुरणारा बर्फ, हे सगळं तिने टीव्हीवर इतक्यांदा पाहिलं होतं की निवृत्त झालो की जाऊ, हे माझं वचन घरात पाठ झालं होतं. आता त्या वचनावरचा माझाच विश्वास उडाला. निवृत्तीपर्यंत मी चालता राहीन का, हेच कोणी सांगू शकत नव्हतं. अशात ऑफिसने मला क्यूबेक सिटीला पाठवायचं ठरवलं. मी पाणीपुरवठा खात्यात इंजिनियर आहे आणि थंडीत जमिनीखालचे पाइप कसे सांभाळायचे यावर तिथे बैठक होती. जुनी तटबंदी, उतरत्या गल्ल्या आणि कानावर सगळीकडे फ्रेंच, असं ते गाव. मी दोन दिवसांची रजा जोडली आणि हिचंही तिकीट काढलं. ती म्हणाली, "म्हणजे पासपोर्ट न लागणारा युरोप! चालेल मला." तिचा आनंद बघून मला भरून आलं. आपण तिला खऱ्याच्या जागी खोटं देतोय असंही वाटलं.

बैठक संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. हॉटेलमध्ये चहा घेताना ती म्हणाली, "पादुका तिकडे आणि आपण इकडे. निदान मानसपूजा तरी करा." देव जवळ नसेल तर मनातल्या मनात सगळे उपचार करायचे, याला आम्ही मानसपूजा म्हणतो. मी "बघू" म्हणालो आणि जाड बूट चढवले. बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती. बर्फावर घसरू नये म्हणून रस्त्यांवर बारीक खडी टाकलेली होती. आम्ही तटबंदीवरून फिरलो, गोठलेली नदी बघितली, ती प्रत्येक दगडी घरासमोर मला उभं करून फोटो काढत होती. दुपारनंतर गावाबाहेरच्या गोठलेल्या धबधब्याकडे जायचं आणि तिथला लांब जिना चढायचा, असा तिचा बेत होता. मीही जिद्दीने चालत होतो. पाय आहेत तोवर चालून घ्यावं, असं काहीसं डोक्यात होतं.

एका गल्लीत तिचे गुडघे बोलू लागले. "तुम्ही या हवं तर फिरून, मी इथे हॉट चॉकलेट घेत बसते," म्हणून ती समोरच्या दुकानात शिरली. मला कोपऱ्यावर एक लहानसं चॅपल दिसलं. केवळ ऊब मिळेल म्हणून मी दार ढकललं. आत गेलो आणि हातांनी आपोआप बुटांचे बंद सोडले. देवाच्या दारात पायात काही ठेवून जायची सवयच नाही. इथे लोक बुटांसकट बसतात हे मला इतक्या वर्षांत नीट माहीत होतं, तरी बूट काढून पायपुसण्यावर ठेवले आणि मोज्यांनी दगडी फरशीवरून चालत जाऊन मधल्या एका बाकावर बसलो.

आत फारसं कोणी नव्हतं. पुढे एक म्हातारी बाई मेणबत्त्यांखालचं मेण खरवडत होती. तिने माझ्या पायांकडे पाहिलं आणि लगबगीने आली. "मस्यू, बूट्स. फ्लोअर व्हेरी कोल्ड," ती म्हणाली. मी इंग्रजीत सांगितलं की आमच्यात असंच बसतात. तिला किती कळलं कोण जाणे, पण मी हात जोडले ते तिला कळलं. ती हसून परत गेली. मी डोळे मिटले. मन लागेना, तरी हिला शब्द दिल्यासारखं झालं होतं म्हणून सुरुवात केली. आवाहन केलं, आसन दिलं. मग पाद्य, म्हणजे देवाचे पाय धुवायला पाणी. मनातल्या मनात मी कोमट पाणी घेतलं, पण आज ते ओतवेना. माझी सगळी तक्रार तिथेच अडून बसली. मी मनात म्हणालो, महाराज, मला भीती वाटते. मला माझे पाय हवे आहेत. याच्यापुढे मला काही सुचत नाही, तुम्हीच बघा.

खांद्यावर हात पडला. तीच बाई होती. चेहरा गंभीर झालेला. ती फरशीकडे बोट दाखवत होती. दारापासून माझ्या बाकापर्यंत उजव्या पावलाचे लाल ठसे उमटले होते.

मला काहीच दुखत नव्हतं. त्यामुळे अंगावर काटा आला. तिने मला बसून राहायची खूण केली, आत गेली आणि एक भांडं, टॉवेल आणि स्टूल घेऊन आली. भांड्यातून वाफ येत होती. लहान मुलाच्या आंघोळीच्या पाण्यात बघतात तसं तिने कोपर बुडवून पाणी पाहिलं, थोडं गार घातलं, पुन्हा पाहिलं. मग ती अवघडत खाली बसली आणि माझा मोजा काढू लागली. मी पाय मागे ओढला, तो तिच्या गुडघ्याला लागला. आईच्या वयाच्या बाईला पाय लागला म्हणून मी पटकन वाकून तिच्या गुडघ्याला हात लावला आणि तो कपाळाला लावला. तिला त्याचा अर्थ कळायचं कारण नव्हतं. तिने माझा हात बाजूला केला, पाय पुन्हा हातात घेतला आणि त्यावर पाणी घालू लागली. तळव्याला मला काही कळलं नाही. ऊब कळली ती घोट्याच्या वर आल्यावर. वडिलांचा पाय जिथे संपायचा, तिथे. मी रडू लागलो.

मला उशीर झाला म्हणून ही शोधत आली तेव्हा मी असा बसलेला होतो. "अहो, हे काय? रक्त कसलं?" म्हणत तीही फरशीवर बसली. चवड्याखाली रस्त्यावरच्या खडीचा एक तुकडा रुतला होता. सकाळी कधी तरी तो बुटात गेला असणार आणि मी त्यावर सारं गाव हिंडलो होतो. म्हाताऱ्या बाईने तो काढायचा प्रयत्न केला नाही. टॉवेल गुंडाळला, टॅक्सी बोलावली आणि चालकाला फ्रेंचमध्ये कुठे न्यायचं ते बजावून सांगितलं. क्लिनिकमधल्या डॉक्टरबाईंनी खडा काढला, जखम साफ केली, औषधं दिली आणि त्या म्हणाल्या, "आजच आलात हे फार बरं झालं." मी त्या जिन्यावर चढलो असतो तर काय झालं असतं, हे मी विचारलं नाही. ते समजून मला काही करायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ही टॉवेल परत द्यायला गेली. बाई तेव्हा तिथे नव्हत्या. दुसऱ्या एका गृहस्थांनी तो ठेवून घेतला, बाईंचं नावही सांगितलं, पण ते हिच्या लक्षात राहिलं नाही. तिथे रोज येणारी, मेण खरवडणारी एक साधी बाई, इतकंच आम्हाला माहीत आहे. मी याला काय म्हणावं ते मला ठरवता येत नाही आणि ठरवावंसंही वाटत नाही. पाद्य मी द्यायचं होतं, ते त्या दिवशी मला मिळालं. त्याबद्दल महाराजांपुढे आणि त्या माउलीपुढे मी जन्मभर नम्र राहीन.

जखम भरायला रेजिनातला बर्फ वितळावा लागला. आजार आहे तिथेच आहे आणि उद्याचं कोणी सांगितलेलं नाही. भीतीही अधूनमधून येते. पण देवाच्या पायांवर डोकं ठेवायचं एवढीच शरण जाण्याची माझी कल्पना होती. ते मला कधी जड गेलं नाही. स्वतःचा बधिर, कुरूप पाय दुसऱ्याच्या हातात देऊन गप्प बसणं मात्र मला साठीला शिकावं लागलं. आता संध्याकाळी जेवणाआधी मी सोफ्यावर बसतो. ही चष्मा लावून समोर बसते, माझा पाय मांडीवर घेते, बोटांच्या बेचक्यांपासून टाचेपर्यंत सगळं बघते आणि म्हणते, "हं, दुसरा." मी दुसरा पाय पुढे करतो.