करवंदीच्या जाळीतलं घुबड

मुलुंडला आमच्या चाळीमागे शेतं होती आणि शेतांपलीकडे डोंगराचं रान. दर रविवारी, उजाडायच्या आधी, मी आणि चाळीतलाच माझा मित्र त्या रानात घुबडं ऐकायला जायचो. दोघंही एकाच कचेरीत कारकून, दोघंही बिनलग्नाचे. सहा दिवस साहेबाचं ऐकून घ्यायचं आणि सातव्या दिवशी घुबडाचं, असं तो म्हणायचा. ओढ्याकाठी एक खडक होता, त्यावर न बोलता बसायचं. मोठं घुबड घुमलं की तो माझा दंड दाबायचा. चार वर्षं हे चाललं.

मग त्याचं लग्न झालं. बायको मालवणकडची. पहिल्याच महिन्यात तो म्हणाला, "अरे, हिलाही ऐकायचंय. तिघं जाऊ या ना."

"तुम्हीच जा रे. मला हल्ली झोप पुरत नाही," मी म्हटलं. तो आग्रह करील असं वाटलं होतं. त्याने केला नाही.

नव्याचे नऊ दिवस, अशी मी मनाची समजूत घातली. पण गणपती गेले, दिवाळी गेली, तरी रविवारी पहाटे जिन्यात दोघांच्या चपला वाजायच्याच. मी अंथरुणात टक्क जागा. माझ्या पोटात दुखत होतं, सरळच सांगतो. ती जागा मी शोधली होती. आणि मित्र तिच्या आधी माझा होता.

घुबड अगदी जवळ ओरडलं की घरात काहीतरी अशुभ घडतं, असं तेव्हा बहुतेक सगळे मानायचे. नवी नवरी घाबरेल, रानाचं नाव टाकेल आणि माझे रविवार मला परत मिळतील, एवढीच माझी अक्कल. एका रविवारी मी त्यांच्या आधी निघालो आणि खडकामागच्या करवंदीच्या जाळीत शिरलो. काट्यांनी सदरा फाटला. ती दोघं येऊन बसली तसा मी हातांची ओंजळ तोंडाशी धरून घुमलो. एकदा नाही, तीनदा.

मग त्याचा आवाज आला, हलकाच. "ऐकलंस गं? इतक्या जवळ कधीच आलं नव्हतं."

इतक्या मऊ आवाजात तो माझ्याशी कधी बोलला नव्हता.

दहाच्या सुमाराला मी त्यांच्या खोलीवर गेलो. सांगताना तो नुसता फुलून आला होता. "लेका, तू असायला हवा होतास." मग तो पान आणायला खाली उतरला. तिने माझ्यापुढे चहा ठेवला.

"भावोजी, घुबड झाडार बसता," ती म्हणाली. "जाळयेत नाय."

मी कप खाली ठेवला. "त्याला सांगितलंत?"

"नाय. तेंका खूप आनंद झालोहा." आणि वर म्हणाली, "मिठाच्या पाण्यान गुळण्यो करा. घसो बसलोहा तुमचो."

तिने ते त्याला कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्याने मला चार शिव्या घातल्या असत्या, मी दोन परत दिल्या असत्या आणि आमचं पुन्हा जमलं असतं. आता तर तिच्यावर रागवायचीही सोय राहिली नाही. चार वर्षांत मी त्याच्यापासून काही लपवलं नव्हतं. पहिली गोष्ट लपवली, ती तिच्या साथीने.