रोकिमाचं बोलणं

कुआला कांग्सार या राजनगरीतल्या जुन्या महालात रोकिमा नव्या दासींना दरबारी बोली शिकवायची. राजा झोपत नाही, पहुडतो. जेवत नाही, आरोगतो. त्याच्यासमोर आपण 'मी' नसतो, 'पातिक' असतो, म्हणजे गुलाम. हे शब्द ती महालाच्या फाटकातच ठेवून घरी यायची. लहानपणी तिची मुलगी सल्बिया एकदा म्हणाली, "माझी बाहुली पहुडली." तेव्हा आईने तिच्या तोंडावर चापट मारली होती. साध्या माणसासाठी तो शब्द वापरला तर तुलाह लागते; राजाचा शाप अंगावर येतो.

मग रोकिमाला पक्षाघात झाला. इस्पितळातून ती नदीपलीकडच्या सायोंगला घरी आली आणि बऱ्याच दिवसांनी बोलली. "आम्हांस पाणी हवे."

साधी भाषा तिच्यातून गेली होती. खोलवर मुरलेलं कधीकधी तेवढंच शिल्लक राहतं, असं डॉक्टर म्हणाले. पण शिकवताना ती कायम दासीच्या बाजूने बोलली होती. राजाचं 'आम्ही' तिने कधी उच्चारलं नव्हतं.

तिचा नवरा महिदिन काळ्या मातीचे, भोपळ्याच्या आकाराचे घडे करतो. त्याने भात कालवून घास पुढे केला. "जेव गं किमा. तुझ्या बापाने लग्नात सांगितलं नाही, राजघराण्यातली देतोय म्हणून."

तिने तोंड मिटून घेतलं. ती त्याच्या डोक्यावरून मागे बघत होती. पुढच्या दिवसांतही साध्या बोलीत पुढे केलेला घास तिने घेतला नाही. मनगटं काडीसारखी झाली.

वारसा जतन कचेरीतली नुराइन रोकिमाच्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण करायला आली. "यातले कितीतरी शब्द आता महालातही कुणाला येत नाहीत, पाकचिक," ती महिदिनला म्हणाली. "हे गेले तर गावाचं राजेपण वेशीवरच्या पिवळ्या राजकमानीपुरतं उरेल."

"आई उपाशी मरतेय," सल्बिया म्हणाली. "कमानीला सांगा, जरा थांब."

नुराइनने यंत्र सुरू केलं. रोकिमा एकेक वाक्य बोलायची, थांबायची, ऐकल्यासारखी मान हलवायची, मग पुढचं बोलायची. उत्तर कुणीच देत नव्हतं. थोड्या वेळाने नुराइनने यंत्र बंद केलं आणि चहा न घेता गेली.

"अबाह, तुम्ही तिच्याशी दरबारी बोलीत बोलू नका," सल्बिया बापाला म्हणाली. "दोघांनाही तुलाह लागेल."

"लागू दे. आधी जेवू दे."

महिदिन जमिनीवर बसला. जोडलेले हात कपाळाला लावून म्हणाला, "पातिकने ताट आणलंय. आपण आरोगावं."

रोकिमा जेवली.

तेव्हापासून रोज असंच चाललं. तिचं अंग भरू लागलं. महिदिनला एकच गोष्ट हवी होती. एका संध्याकाळी ताट उचलताना त्याने विचारलं, "पातिकचं नाव आपल्या स्मरणात आहे का?"

"नोकराचे नाव आम्ही कशाला लक्षात ठेवावे?" ती शांतपणे म्हणाली. "तू जा. तुझ्या मागे उभे आहेत त्यांनी थांबावे."

राजाला पाठ दाखवायची नसते. महिदिन गुडघ्यांवर मागे मागे सरकू लागला.

"अबाह," दारातून सल्बिया म्हणाली, "तुमच्या मागे कुणी नाहीये."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. आणि कुणाला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून, भिंतीला घासत, बाहेर आला.