दुसरा चान्स

माझ्या वहिनीच्या यादीवरून आमच्या घरात जेवढं हसं झालं, तेवढं दादाच्या सुटलेल्या पोटावरून कधी झालं नाही. दादाला जिमला जायचं होतं, तो गेला. त्याने कुठे लिहून ठेवलं नाही की कुणाला विचारलं नाही, शूज घातले आणि निघाला. वहिनीला मात्र साधा गरम चहा प्यायचा असला तरी लिहून ठेवावं लागतं. आणि वर हीच माणसं विचारणार, हिला यादी कशाला लागते म्हणून.

वैशालीवहिनी ही माझ्या भावाची, रत्नदीपदादाची बायको. ती दोघं आईसोबत कोपरला राहतात, मी लग्न होऊन टिटवाळ्याला आले. त्यांची मुलगी संघमित्रा, आमची मितू, अडीच वर्षांची आहे आणि झोपेतसुद्धा आईच्या गाऊनचं टोक सोडत नाही. वहिनी केमिस्ट्रीची बीएस्सी. एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये होती, चांगलं चाललेलं. मितू झाली आणि नोकरी सुटली. सुटली असंच म्हणतात सगळे, हातातून बशी सुटावी तसं. सोडायला कुणी लावली, ते कुणी बोलत नाही.

तर यादी. एका पाठकोऱ्या कागदावर लिहून वहिनीने ती फ्रिजवर लावलेली. वरती, 'मितू तीन वर्षांची व्हायच्या आत'. खाली, गरम चहा, बसून. दुपारी एकदा झोप. केस कापणे. एक अख्खं पुस्तक. स्कूटीचं लायसन. आणि सगळ्यात शेवटी, खाली दोन रेघा मारून, लॅब.

आता यात हसण्यासारखं काय आहे, मला सांगा. दादा पाहुण्यांना फ्रिजपाशी नेऊन दाखवायचा. बघा, मॅडमची गोल्स, नंबर एक चहा. पाहुणे खो खो हसायचे, आणि त्याच पाहुण्यांसाठी वहिनी चहा करायची. तिचा कप ओट्यावर तसाच राहायचा, कारण तेवढ्यात मितूला शी तरी यायची, नाहीतर कपात बोट तरी घालायचं असायचं. साय धरलेला चहा वहिनी उभ्या उभ्या संपवायची. ते आठवलं तरी माझ्या डोक्यात तिडीक जाते.

सगळं अडलेलं लायसनवर. लॅबवाले तिला परत घ्यायला तयार होते, पण पुढच्या एक तारखेपासून आणि सकाळच्या शिफ्टला. पाळणाघर एका टोकाला, एमआयडीसी दुसऱ्या टोकाला. शेअर रिक्षा बदलत दोन्हीकडे वेळेत पोचणं माणसाचं काम नाही. स्कूटी असली की जमत होतं, आणि स्कूटी बिल्डिंगखाली धूळ खात उभी होती, दादाचीच. वहिनीने नयन मॅडमकडे क्लास लावला. या मॅडम बायकांना सकाळी मैदानात गाडी शिकवतात. वहिनी चालवायला छान शिकली. पण लर्निंग लायसनची मुदत संपत आलेली. ती संपली की परत पहिल्यापासून, आणि लॅबवाले काही तोवर थांबणार नव्हते.

पहिल्या टेस्टला मी सोबत गेलेले. आईला त्या दिवशी कुणाच्या तरी नामकरणाला जायचं होतं आणि दादाला सुट्टी मिळत नव्हती, म्हणून मितू पण आमच्याबरोबर. जमिनीवर इंग्रजी आठ आखलेला असतो, त्यावरून पाय न टेकता गाडी फिरवायची. वहिनी अर्धा आठ मस्त गेली. नेमकं वळणावर माझ्या कडेवरून मितू ओरडली, मम्मी शू. वहिनीने मान वळवली, पाय टेकला, नापास. त्या साहेबांचा काही दोष नाही, नियम तो नियम. पण दादाने संध्याकाळी ते फॅमिली ग्रुपवर टाकलं. 'वैशालीने आठात पाय टेकला, आता गणिताच्या क्लासला पाठवतो.' खाली हसऱ्या तोंडांची रांग. माझ्या नवऱ्याचंही एक होतं. त्याला मी त्या रात्री आदल्या दिवशीची भाजी वाढली.

म्हणून दुसऱ्या टेस्टची तारीख वहिनीने फक्त मला आणि नयन मॅडमना सांगितली. स्वयंपाकघरात उभी राहून, हळू आवाजात, ती फोनवर मॅडमना म्हणाली की पहिल्या वेळी नाही झालं, आता दुसरा चान्स घेतेय, सोळाला बोलावलंय, घरी इतक्यात कुणाला सांगत नाही, उगाच टेन्शन नको. आणि माझी आई बाल्कनीत कपड्यांच्या घड्या घालत होती.

आमच्याकडे चान्स घेणं म्हणजे काय ते सांगायला नको. लग्न झालं की पहिला चान्स कधी, मूल रांगायला लागलं की दुसरा चान्स कधी. त्यात समोर कोण, तर मॅडम. म्हणजे डॉक्टरीणच. त्यात पहिल्या वेळी नाही झालं. आईला वाटलं, एकदा पोट पडलंय बिचारीचं आणि हिने एकटीने सोसलं. आता दुसऱ्यांदा दिवस गेलेत. आमच्या आईने, रमाबाईंनी, डोळे पुसले आणि फोन हातात घेतला. दादाला ऑफिसात, मला टिटवाळ्याला, मावशीला कल्याणला, आणि प्रत्येकाला वर ताकीद की कुणाला सांगू नको. मला तर तिने काय ऐकलं तेही सांगितलं नाही, नुसतं दिवस गेलेत म्हणाली. मी म्हटलं, वहिनी मला बोलली कशी नाही. पण असल्या गोष्टी माणूस आपल्या वेळेने सांगतं, म्हणून मीही गप्प बसले.

आणि मग घरात जे सुरू झालं ना, ते मला नंतर वहिनीच्या तोंडून कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने मितूला उचलून खाली झोपाळ्यावर नेलं. जाताना वहिनीच्या हातात कप दिला. वाफाळता, आलं घातलेला. बस म्हणाली, निवांत पी. वहिनी बसली. बसून प्यायली. पेन आणून तिने फ्रिजवर टिक केली. दुपारी आईने मितूला आपल्या खोलीत झोपवलं आणि वहिनीला सांगितलं, तूही पड जरा. दुसरी टिक. दादाने रविवारी मितूला सांभाळलं, जिम बुडवून, आणि वहिनी पार्लरमध्ये जाऊन केस कापून आली. तिसरी. रात्री तिने मला फोन केला, आवाज नुसता हसरा. म्हणाली, "स्वप्ना, यांनी यादी वाचली गं शेवटी." मला वाटलं, गोड बातमीच्या आनंदात आहे. मी म्हटलं, जप स्वतःला.

सोळाला सकाळी मी कोपरला पोचले. वहिनी तयार, हेल्मेट हातात, कागद पिशवीत. दादा ऑफिसला गेलेला, मितू आईजवळ. दारामागच्या खिळ्याला चावी नव्हती. वहिनी इकडे शोधतेय, तिकडे शोधतेय. आई शांतपणे पोळ्या लाटत होती.

"चावी मी ठेवलीय," आई म्हणाली. "पोटात बाळ असताना गाडी चालवायची नसते."

वहिनीने विचारलं, "कुणाच्या पोटात?"

मग सगळं निघालं. मॅडम, पहिल्या वेळी, दुसरा चान्स, सगळं. आई रडकुंडीला आली, म्हणाली की मी तुझ्या काळजीनेच केलं. मला हसू येत होतं, ते वहिनीचा चेहरा बघून गेलं. ती फ्रिजकडे बघत उभी होती.

"म्हणजे तो चहा माझा नव्हता," ती म्हणाली.

आई म्हणाली, असं काय बोलतेस, तुझाच होता.

"माझा असता तर अडीच वर्षं मिळाला असता, आई."

तिने पेन घेतलं आणि तिन्ही टिका खोडल्या. जोरात नाही, आदळआपट नाही, एकेक नीट खोडली. आई माझी आहे म्हणून सांगते, मला त्या क्षणी तिचा इतका राग आला की काय बोलू आणि काय नको. जी बाई घरात जिवंत वावरतेय तिला कप मिळत नाही, आणि जे बाळ पोटात नाहीच त्याच्यासाठी आलं किसलं जातं. दादाने जिम बुडवली ती कुणासाठी, विचारा त्याला. वहिनीने आईपुढे हात केला. आईने तांदळाच्या डब्यातून चावी काढून दिली. चावीला दोन तांदूळ चिकटलेले, ते वहिनीने झटकले आणि जिना उतरली.

मैदानात मी कठड्याला धरून उभी. वहिनीने आठ सुरू केला. पहिलं वळण घेतलं, मधून निघाली, दुसऱ्या वळणावर गाडी जराशी डुलली. तिने पाय टेकला नाही. साहेबांनी मान वर न करता पास म्हणून सांगितलं आणि पुढच्याला बोलावलं. मी तिला मिठी मारली तर म्हणाली, सोड, हेल्मेट लागतंय.

घरी आलो तर आवडाबाई मावशी आलेली. तिला आईने आधीच आजचं आवतण दिलेलं, डोहाळ्यांचं खाऊ घालायला. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी घेऊन ती कल्याणहून आलेली, आणि खरं कळल्यावर डबा परत पिशवीत भरत होती. खरंच सांगते, परत भरत होती. वहिनीला बघून म्हणाली, असू दे पोरी, दुसरा चान्स घेशील तेव्हा परत करून आणीन.

"दुसरा चान्स आजच घेतला, मावशी," वहिनी म्हणाली. "पास झाले. डबा ठेवा."

तिने मावशीच्या हातातून डबा घेतला, ताट घेतलं आणि टेबलावर बसली. मावशी आईकडे बघायला लागली. मितू धावत येऊन वहिनीच्या मांडीवर चढायला लागली, ताटात हात घालायला लागली. एरवी वहिनीने एका हाताने तिला धरून दुसऱ्या हाताने घास कोंबला असता.

"आई, हिला घ्या," ती म्हणाली. "मी जेवतेय."

आईने मितूला उचललं आणि बाल्कनीत नेलं. आणि या वेळी वहिनीच्या पोटात भाकरीशिवाय काही नव्हतं.