डाव्या चाकाचे चार स्टड आणि सोलापूरचा दसरा

पुण्याहून सोलापूरला जायला रेल्वे आहे, एसटी आहे. दोन्ही वेळेवर पोचतात. आम्ही गेलो वडिलांच्या जुन्या दोन आसनी इंग्लिश स्पोर्ट्स कारने, कारण बाबांनी तसे ठरवले होते.

ठरवण्याचे कारण अकरा वर्षांपूर्वीचे. ही गाडी बाबांनी आणि त्यांचे थोरले भाऊ अण्णा यांनी मिळून घेतली होती. पहिल्याच प्रवासात टेंभुर्णीला पंक्चर झाले आणि अण्णांनी मागच्या डाव्या चाकाचे चारही स्टड तोडले. स्टड म्हणजे चाकामागच्या हबमधून बाहेर आलेले, आटे पाडलेले बोल्ट. त्यांच्यावर चाक बसते आणि वरून नट आवळतात. या गाडीच्या डाव्या बाजूचे आटे उलटे आहेत. नेहमीसारखा सोडवायला गेलात तर नट आणखी घट्ट होतो आणि जोर लावलात तर स्टड तुटतो. अण्णा सोलापुरात कापड गिरणीत जॉबर, म्हणजे खात्याचे मुकादम होते. बाबा टेंभुर्णीच्या भर बाजारात म्हणाले की गिरणीवाल्यांनी सुताला हात लावावा, लोखंडाला लावू नये. अण्णा म्हणाले, ही गाडी सोलापूर बघणार नाही. बाबा म्हणाले, मग मीही बघणार नाही.

बाबांनी शब्द पाळला. मधे एकदा ते रेल्वेने हैदराबादला गेले, तेव्हा सोलापूर स्टेशनात फलाटावर पाय ठेवला नाही. चहा खिडकीतून घेतला. यंदा अण्णांना निवृत्त होऊन वर्ष झाले, आणि बाबा एकाएकी म्हणाले की दसऱ्याला अण्णाला सोने द्यायचे. गाडीनेच जाऊन.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आहे आणि पुण्यात एका कारखान्याच्या तपासणी विभागात काम करते. ब्रेक, टायर, रेडिएटर मी स्वतः पाहिले. अष्टमीला पहाटे निघालो. भिगवणपर्यंत रस्ता चांगला आहे. पुढे डांबर अरुंद आहे, आणि समोरून ट्रक आला की एक चाक मातीत उतरवावे लागते. इंदापूरला मिसळ खावी. पेट्रोलही तिथेच भरावे, पुढचे पंप कधी चालू असतील ते पंपवालेही सांगत नाहीत.

मोहोळच्या अलीकडे पंक्चर झाले. मागचे डावे चाक. एक बैलगाडीवाला थांबला आणि गावातल्या गफूरभाई पंक्चरवाल्यांना घेऊन आला. बाबा लिंबाखाली पेपर तोंडावर घेऊन झोपले होते. मी रेडिएटरसाठी विहिरीवर पाणी आणायला गेले. परत आले तेव्हा गफूरभाईंनी पान्यावर चार फुटी पाइप चढवला होता आणि ते घामाघूम होऊन हसत होते.

"लई जाम हाय की ताई. तीन निघाले, एक ऱ्हायलाय."

निघालेले तीन नट त्यांनी माझ्या हातावर ठेवले. प्रत्येकाच्या पोटात स्टडचा तुकडा होता.

बाबा उठून आले. मला वाटले आता टेंभुर्णी होणार. त्यांनी नट बघितले आणि म्हणाले, "अण्णापेक्षा बरे. यांनी एक तरी ठेवला."

गाडी ढकलत गफूरभाईंच्या दुकानासमोर नेली आणि विटांवर उभी केली. आम्ही स्टँडजवळच्या लॉजमध्ये दोन खोल्या घेतल्या. लॉज स्वच्छ आहे, पण गादी सोबत न्यावी.

नवमीला सकाळी मी एसटीने सोलापूरला गेले. बाबांनी बजावले की अण्णांच्या गल्लीकडे फिरकायचे नाही. मी एका वर्कशॉपमध्ये तुटलेला स्टड आणि मापांचे रेखाचित्र घेऊन शिरले आणि उंबऱ्यातच थांबले. लोखंड कातायच्या लेथला झेंडूचा हार होता. चकवर कुंकू, टूल पोस्टमध्ये लिंबू, बेडवर नारळ. खंडेनवमी माझ्या लक्षात होती, पण ती शस्त्रांची असते असे मी धरून चालले होते. गावातले एकूण एक यंत्र आज देव असेल हे धरले नव्हते.

मालक भला माणूस होता. मुलगी परगावची आहे, चारच नग आहेत, करून टाक, असे त्याने कारागिराला सांगितले. कारागीर उस्मानभाई हलले नाहीत.

"तुमी म्हणताय खरं मालक, पण हार मी घातलाय. उद्या पूजा उतरली की पैला नग हिचाच."

मालकाने मला बाजूला घेऊन सांगितले की दर वर्षी असेच होते. त्याला स्वतःला पूजेचे एवढे काही नाही, पण उस्मानभाई ऐकत नाहीत.

तेवढ्यात दारात सायकल लागली आणि प्रसादाला बोलावलेले पाहुणे आत आले. ते अण्णा होते. लहानपणी पाहिलेल्या पुतणीला त्यांनी ओळखले नाही. हातातला स्टड ओळखला. तो उजेडात धरून त्यांनी आट्यावरून नख फिरवले.

"डाव्या बाजूचा. कुठं अडकलाय?"

मी मोहोळ म्हणाले.

"मोहोळ म्हणजे सोलापूर न्हवं. जकात नाक्याच्या आत आली तर आली म्हणीन. सांग त्याला." मग स्टड माझ्या हातात परत देत, "जेवलीस का?"

मी काकूंकडे जेवले. येताना त्यांनी कडक भाकरी आणि शेंगांची चटणी बांधून दिली आणि म्हणाल्या की स्टँडवर विकत घेतली म्हणून सांग. संध्याकाळी बाबांनी पहिला घास घेतला, थोडा वेळ चावले आणि म्हणाले की स्टँडवर हल्ली वहिनींसारखी चटणी मिळते. चारही भाकऱ्या त्यांनी खाल्ल्या.

गाडीचेही दरम्यान काही झाले होते. शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याने गिरणीची पूजा केली आणि उरलेला हार गाडीला घातला. ते पाहून दुसऱ्याने नारळ फोडला. मी पोचले तेव्हा एक बाई तिला हळदकुंकू लावत होती. तिने मला विचारले, "देवाची हाय का गाडी?" मी सांगितले की खासगी आहे. तिने तरीही नमस्कार केला. बरेचसे नारळ न फोडता सीटवर ठेवलेले होते.

दसऱ्याला सकाळी मी परत सोलापूरला गेले. उस्मानभाईंनी हार उतरवला आणि ट्रकच्या जुन्या ॲक्सलच्या पोलादातून चार स्टड काढले. वर्षाचा पहिला माल म्हणून त्यांना कुंकू लावून दिले. ते पुसून मी आटे गेजने तपासले. बरोबर होते. मोहोळला चौथा नट मी उलटा फिरवून सोडवला, गफूरभाईंनी पंक्चर काढले आणि पूजा उतरवून हातोडा दिला. मी ब्रेकचा ड्रम काढून चारही स्टड बदलले, कारण उरलेल्या चौथ्यावर माझा विश्वास नव्हता. नट मी आवळले. गफूरभाई समोर बसून उलटा पाना कसा फिरतो ते बघत होते. "आसं हाय व्हय," एवढेच म्हणाले.

जकात नाक्यावर कारकुनाने नारळ पाहिले आणि माल विक्रीचा आहे का विचारले. बाबा म्हणाले, गाडीला वाहिलेले आहेत. देवस्थानाच्या नारळाचा नियम वेगळा, गाडीच्या नारळाचा त्याला माहीत नव्हता. बाबा खाली उतरायला तयार नव्हते, कारण अजून सोलापूर आले नव्हते. शेवटी दोन नारळ प्रसाद म्हणून ठेवून कारकुनाने दांडा वर केला.

दांड्याच्या आत अण्णा सायकल धरून उभे होते. बगलेत आपट्याची पाने. बाबा उतरले. अण्णा गाडीला वळसा घालून मागच्या डाव्या चाकाशी गेले आणि हात पुढे केला. "पाना."

मी बाबांकडे पाहिले. बाबांनी पाना दिला.

अण्णा उकिडवे बसले आणि उजव्या बाजूच्या चाकाचे आवळावेत तसे चारही नट जोर लावून फिरवले. म्हणजे सैल केले. पहिला सुटताना कट्‌ असा आवाज आला. अण्णांनी मान वर केली.

"बघ किती ढिले होते! आसाच आलास मोहोळापास्नं? पोरीला घिऊन?"

बाबा त्या नटांकडे बघत होते. आजूबाजूला सोने लुटायला निघालेली बरीच माणसे उभी होती. टेंभुर्णीला होती तेवढी तरी नक्की.

"बरं झालं अण्णा, तू बघितलंस."

अण्णांनी पाना खाली ठेवला. बाबा वाकले, पायाला हात लावला आणि पाने मागितली. "सोनं आण." दोघांनी सोने दिले-घेतले. मग अण्णा सरळ गाडीत जाऊन बसले आणि म्हणाले, चल घरी. बाहेरचा चहा म्हणजे पैशांची नासाडी असे आयुष्यभर सांगत आलेले बाबा म्हणाले, "आधी चहा घेऊ. तू उतर." हाताला धरून त्यांनी अण्णांना टपरीकडे नेले. जाताना माझ्याकडे बघितले नाही. गरज नव्हती.

मी नट आवळायला बसले. कारकून म्हणाला, "ताई, त्यांनी आत्ताच आवळले की."

"परत एकदा," मी म्हणाले.

गाडीत दोनच जागा. त्यामुळे सोलापुरात मी अण्णांच्या सायकलवरून, गाडीच्या मागे, तिच्या चाकावर नजर ठेवून शिरले.

आम्ही दोन दिवस राहिलो. परतीच्या वाटेवर काही झाले नाही. मोहोळला गफूरभाईंनी ओळखून हात केला.

जाणाऱ्यांसाठी: नवमीला कुठलेही काम करून मिळेल असे धरू नका. डाव्या चाकांजवळ आटे उलटे असल्याचे मी आता पांढऱ्या रंगाने लिहिले आहे. एवढी जुनी गाडी तीनशे मैलांचा फेरा करून धड परत आली कशी, असे आमच्या वाड्यातले लोक अजून विचारतात. बाबा सांगतात, "सोलापूरच्या नाक्यावर चाकं अण्णानं आवळली होती." तपासणी विभागात असे विधान मी खोडले असते. इथे मी चहा गाळत राहते.