तिसरा फेटा

"पाळी संपली, बैलं सोडा." शिक्षकांच्या खोलीत कुणी फार वेळ बोलत राहिलं की आमचे सर एवढंच म्हणायचे आणि स्वतः उठून उभे राहायचे. मग बोलणाऱ्यालाही उठावं लागायचं. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल.

वाक्य त्यांच्या गावचं, कन्नड तालुक्यातलं. एका विहिरीवर चार भावांची मोट. पाळी संपली की वाफ्याची कड कोरडी राहिली तरी बैल सोडायचे. सर नागरिकशास्त्र शिकवत आणि हाच नियम त्यांना दिल्लीला लावायचा होता. खासदारकी दोनदा, तिसऱ्यांदा नाही, हे घटनेतच लिहायला हवं होतं, असं ते आम्हाला ऐकवायचे. आम्ही त्यांना घटना समितीतून राहून गेलेले सभासद म्हणायचो. ते हसायचे.

आता गंमत अशी, की इथले खासदार सरांचे जिवलग. निजामाविरुद्धच्या लढ्यात दोघं सरहद्दीवरच्या कॅम्पात एका घोंगडीत झोपलेले. पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेल्यावर एक मास्तर झाला, दुसरा पुढारी. अर्ज भरायला जाताना खासदारांना फेटा सरांनीच बांधायचा, असा रिवाज पडला होता.

तिसऱ्या निवडणुकीला खासदार फेट्याचं कापड घेऊन शहागंजात सरांच्या घरी आले. मी तिथंच होतो. सरांनी कापड हातात घेतलं, पण घडी मोडली नाही.

"ह्या बारीला माझ्या हातून व्हायचं नाय."

"माझं काम वाईट हाय का?" खासदारांनी विचारलं.

"वाईट असतास तर लोकांनीच काढला असता. तू चांगला हायस, तुला आपणहून उठावं लागंल. खुर्ची सोडशील तवा ये गड्या. तंवर नको."

खासदार निवडून आले. मत कुणाला दिलं, असं मी सरांना हळूच विचारलं. त्यालाच की, दुसऱ्या त्या येड्याला कोण देणार, म्हणून ते माझ्यावरच चिडले.

खासदारांची मिरवणूक शहागंजातून निघाली की सर खिडकी लावून घ्यायचे आणि फटीतून बघायचे. "लई वाळलाय," म्हणायचे. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही. सरांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, तर हे मुळीच पटलं नव्हतं. सरांच्या शेवटच्या आजारात त्यांनी खासदारांना बोलावू का, असं विचारलं. सर म्हणाले, थोडंच राहिलंय त्याच्या पाळीचं, निवडणूक आलीच. त्याआधी सरांचंच संपणार, हे आम्हाला दिसत होतं.

सर दिवाळीआधी गेले. अंत्ययात्रेला खासदार रस्त्याच्या पलीकडे हात जोडून उभे राहिले, घरात आले नाहीत.

पुढच्या निवडणुकीला लोकांनी खूप विनवूनही त्यांनी अर्ज भरला नाही. अर्जाची मुदत संपली त्या संध्याकाळी ते टांग्यातून एकटेच सरांच्या घरी आले. वहिनींनी पाणी दिलं.

"सोडली, वहिनी," ते म्हणाले.

वहिनींनी रिकामा पेला उचलला.

"मग आता कुणाला सांगाया आलात, भावजी?"