जावयाला लायसन कोण विचारणार?

आमच्या मालकांना, सटवाजीरावांना, अख्खं सेलू ओळखायचं ते त्यांच्या जुन्या मोटारीमुळं, अन् त्यांच्या तोंडातून न्हाई हा शब्द निघत नव्हता म्हणून. कुणाची वरात असू द्या, कुणाची अडलेली बाळंतीण असू द्या, चावी काढून हातात ठेवायचे. मी बोलून बोलून थकले, बाई!

विम्याचे दिनकरराव दरसाल बजावून जायचे, "सटवाजीराव, मोटार दुसऱ्याला खुशाल द्या, विमा चालतो. पर चालवणाऱ्याकडं लायसन पाहिजे. नसलं तर कंपनी हात वर करंल, अन् सगळं तुमच्या गळ्यात येईल." तवापासून मालक लायसन बघितल्याबिगर चावी द्यायचे न्हाईत.

पर आपल्यात जावयाला कोण विचारणार? सत्तावन्न साली आमचे जावई चंद्रभान पहिल्या दिवाळसणाला आलते. "पारूला घेऊन पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला जाऊन येतो," म्हणले अन् खुंटीवरची चावी घेतली. मालकांनी माझ्याकडं बघितलं. मीच मेलीनं डोळे वटारले. पोरीला नांदायचं होतं ना!

दुपारी दोघं परत आले ते पांढरेफटक पडून. वाटंवर गवताचा भारा घेऊन चाललेल्या सुग्रीव नावाच्या गड्याला मोटार धडकली होती. लोकांनी त्याला बेशुद्ध परभणीच्या दवाखान्यात नेलं, अन् हे दोघं भिऊन तिथून पळाले. जावयाकडं लायसन नव्हतंच.

मालक ताडकन उठले. "मोटार मी चालवत होतो. समद्यांनी ध्यानात ठेवा." तसंच ठाण्यात जाऊन लिहून दिलं.

मग सुरू झाली ती भीती. दाराची कडी वाजली की मी आधी फटीतून बघायचे. सुग्रीव शुद्धीवर येऊन खरं बोलला तर मालक खोटे, जावई तुरुंगात, पोर माघारी. देवापुढं बसले की एकच गोष्ट मनात यायची, सांगायची आज बी लाज वाटती. त्यानं डोळे उघडू नयेत.

चौथ्या दिवशी त्यानं डोळे उघडले. आमाला दवाखान्यात बोलावणं आलं. खाटंजवळ त्याची बायको बायनाबाई चमच्यानं पाणी पाजायली होती. जमादारानं मालकांकडं बोट केलं. "मोटार हेच चालवत होते का रे?"

सुग्रीवनं मालकांकडं धड बघितलं बी न्हाई. दाराकडं बघत हळूच म्हणला, "ते चालवणारं पोरगं कसं हाय? लय भ्यालतं वो. त्याला काय लागलं तर न्हाई ना?"

मालकांनी डोक्यावरची टोपी काढून त्याच्या पायावर ठेवली अन् जमादाराला समदं खरं सांगितलं.

कंपनीनं हात वर केले. मोटार विकून सुग्रीवचा इलाज केला. जावयावर खटला झाला, पर पोर नांदती हाय. मालक पुढं दुसऱ्याच्या मोटारीवर डायवर राहिले, त्याचं मला दुःख न्हाई. मी चार दिवस ज्याच्या मरणाची वाट बघितली, त्यानं डोळे उघडल्याबरूबर आमच्याच लेकराची काळजी केली.